सह्याद्री मध्ये आहे, पण पाणी आपल्याच बाजूला उतरतं

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. खाली पार्किंग, आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. नदी दोन गल्ल्या पलीकडे, मागच्या भिंतीला लागून ओढा. लेक अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात असते. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन चक्रीवादळानं तिच्या भागाची दैना केली. तेव्हापासून ती फोनवर विचारते, 'बाबा, पुण्यात चक्रीवादळ आलं तर?' मी सांगतो, समुद्र शंभर किलोमीटर लांब, आपण साडेपाचशे मीटर उंचावर, मध्ये सह्याद्री. इथे काही येत नाही. माझं बरोबर आहे ना?"

अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लांबलचक उत्तर. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत मी ३१ वर्षं काढली, निवृत्तीनंतर सोसायट्यांना पाण्याबद्दल सल्ला देत फिरतो, त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन करा.

बरोबर असलेलं अर्धं वाऱ्याचं. चक्रीवादळ जगतं ते समुद्राच्या उष्णतेवर. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की त्याची वाफ हेच वादळाचं इंधन. जमिनीवर पाय ठेवला की इंधन तुटतं, डोंगर-झाडं-इमारतींना घासून वारा मोडतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा तिथे वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या बागा झोपल्या. पुण्यात येईपर्यंत जोर ओसरला होता, तरी झाडं पडली, तारा तुटल्या, मावळात पॉलिहाऊसचे सांगाडे उरले. नशीब म्हणजे टाळेबंदीमुळे माणसं घरात होती.

पुण्याला वाऱ्याचं भय आहे, पण ते दुय्यम, आणि त्याला चक्रीवादळच लागतं असंही नाही. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच जण गेले, तो साधा अवकाळी पाऊस होता. गच्चीवरचे पत्रे, सोलरची पॅनेलं आणि कठड्यावर ओळीनं मांडलेल्या कुंड्या मे महिन्यात एकदा हलवून बघा. आवारात जुना गुलमोहर असेल तर रीतसर परवानगी काढून त्याचा भार कमी करून घ्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं. वाऱ्याचं एवढं पुरे.

आता दुसरं अर्धं. हेलेन किनाऱ्यावर आलं ते फ्लोरिडात, २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री. तुमच्या लेकीच्या भागातलं मोठं गाव ॲशव्हिल तिथून सहाशे किलोमीटर आत आहे, आणि उंची साडेसहाशे मीटर, म्हणजे पुण्यापेक्षा जास्त. तिथल्या लोकांचाही हिशोब तुमच्यासारखाच होता. झालं काय, तर वादळ पोचायच्या आधीच दोन दिवस पाऊस पडून माती पाण्यानं तुडुंब झाली होती. मग वादळाची उरलेली सगळी ओल ॲपलाचियन डोंगरांना धडकून वर चढली, थंड झाली आणि तिथेच रिकामी झाली. फ्रेंच ब्रॉड आणि स्वॉननोआ या नद्यांनी वस्त्या खरवडून नेल्या. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात शंभराहून अधिक माणसं गेली. वाऱ्यानं त्यातली थोडी. बाकी पाण्यानं आणि दरडींनी.

म्हणजे वादळ मेलं तरी त्याचं पाणी मरत नाही. डोंगर त्या पाण्याला अडवतो असं आपण शाळेत शिकलो, पण अडवलेलं पाणी जातं कुठे हे शिकलो नाही. तुम्ही सह्याद्रीचं नाव ढालीसारखं घेतलंत म्हणून हे स्पष्ट सांगतो. पुणं पर्जन्यछायेत आहे हे खरं, शिवाजीनगरला वर्षाचा पाऊस जेमतेम साडेसातशे मिलिमीटर. पण मुठा, मोसे आणि आंबी या आपल्या नद्या पर्जन्यछायेत उगम पावत नाहीत. त्या उगम पावतात घाटमाथ्यावर, जिथे एका दिवसात पुण्याच्या निम्म्या वर्षाचा पाऊस पडू शकतो. जुलै २०२४ च्या २५ तारखेला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. आपल्या अंगणात पाऊस किती पडतो याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. पाऊस पडतो मुळशी-वेल्ह्यात आणि त्याचं बिल येतं तुमच्या सिंहगड रस्त्यावरच्या नदीकाठच्या एकतानगरीत.

आणखी एक दार आपण विसरतो, ते पूर्वेचं. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातला एक खोल कमी दाबाचा पट्टा १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आला. इथून आठशे किलोमीटरहून लांब. तो हैदराबाद बुडवत, सोलापूर-पंढरपूर-इंदापूरला झोडपत १४ च्या रात्री पुण्यावर आला आणि पुढे चक्क अरबी समुद्रात उतरला. त्याला वाटेत कुठला घाट चढावाच लागला नाही, कारण दख्खनचं पठार पूर्वेकडून हळूहळूच उंच होत येतं. तुमच्या त्या ढालीची पाठ उघडी आहे. २०१९ साली अरबी समुद्रातच पाच चक्रीवादळं झाली होती, तेव्हा पश्चिमेचं दारही पूर्वीइतकं बंद राहिलेलं नाही.

माझ्या मते "चक्रीवादळ येईल का" या प्रश्नापेक्षा "माझ्याकडे येणारं पाणी मला किती वेळ आधी कळेल" हा प्रश्न कामाचा आहे. तुमच्या घराला तीन पाणी लागू होतात आणि तिघांची मुदत वेगवेगळी आहे. वादळाचं पाणी तीन-चार दिवस आधी कळतं. धरणाचं काही तास. ओढ्याचं, फार तर अर्धा तास.

वादळाबद्दल हवामान खातं आधी सांगतं, आणि त्यांचं ऑफिस, ज्याला आपण सिमला ऑफिस म्हणतो, ते तर आपल्याच शहरात १९२८ पासून आहे. फक्त इशारा कुठल्या भागाचा आहे ते नीट वाचत जा. 'पुणे : यलो' असं बघून लोक गाडी बेसमेंटला लावतात, आणि त्याच पत्रकात 'पुणे घाटमाथा : रेड' असं वेगळं लिहिलेलं असतं. नदीकाठच्यांनी घाटमाथ्याची ओळ वाचायची. रेडच्या इशाऱ्यात चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या पुढचा पाऊस धरलेला असतो.

धरणाचं पाणी हा माझा आयुष्यभराचा विषय, तेव्हा इथे थोडं रेंगाळतो. खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही मिळून साठवण २९ टीएमसीच्या थोडी वर, पण त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीसुद्धा नाही, १.९७. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. वरची धरणं भरली आणि सेकंदाला ३५ हजार घनफूट पाणी खडकवासल्यात येऊ लागलं, तर पूर्ण रिकामं खडकवासला भरायला साडेपंधरा तास पुरतात. जुलैच्या शेवटी ते रिकामं नसतंच. म्हणजे खडकवासला हे साठवणीचं धरण कमी आणि नाक्यावरचं गेट जास्त. वरून आलेलं पाणी त्याला सोडावंच लागतं. "थोडं थांबून सोडायला काय झालं होतं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. थांबायला जागा असेल तर थांबतात. नसेल तर थांबणं म्हणजे धरणाशी खेळ, आणि तो खेळ पुण्यानं १२ जुलै १९६१ ला पाहिलाय. पानशेतचं काम पुरतं झालेलं नव्हतं. ते फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं जुनं खडकवासलाही फोडलं, आणि काठच्या पेठा, डेक्कन, लकडी पूल सगळं पाण्यात गेलं. पूर ओसरल्यावर प्यायला पाणी नाही, कारण पाणी देणारं धरणच वाहून गेलेलं. लोक वाड्यांतल्या जुन्या विहिरींकडे वळले. ॲशव्हिललाही नेमकं हेच झालं. जलवाहिन्या उखडल्या, तलाव गढूळला, आणि नळाचं पाणी न उकळता प्यायला १८ नोव्हेंबर उजाडला, पुरानंतर सात आठवडे. लेकीला हे सांगा, तिला पटेल.

पण थांबता येत नाही म्हणून न सांगता सोडावं, असं मात्र मुळीच नाही. २५ जुलै २०२४ ला पहाटे एकतानगरी-विठ्ठलवाडीतले लोक उठले तेच पाण्यात. विसर्ग तेव्हा ३५ हजार क्युसेकच्या घरात होता. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. ३५ हजार म्हणजे दर सेकंदाला दहा लाख लिटर, टँकरच्या भाषेत सेकंदाला शंभर टँकर. शिवाय धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी त्यात नाही, ते वेगळं मिळतं. म्हणून धरणातून किती सोडलं यावरून तुमच्या गेटपाशी किती येईल हे नुसत्या तोंडी हिशोबानं कळत नाही. त्याला तुमची स्वतःची नोंद लागते. मुठेवरचा बुटका बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकर फोटो काढायला जातात. तुम्ही त्या वेळी गाड्या वर काढायला हव्यात. सोसायटीच्या कुणीतरी एका वहीत लिहावं: अमुक तारखेला, अमुक विसर्ग, पाणी अमुक ठिकाणापर्यंत. तीन पावसाळ्यांत तुमच्याकडे असा तक्ता तयार होईल, जो कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

आता ओढा. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला नदीपेक्षा तीच ओळ टोचली.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. मी सहकारनगरला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. पाऊस चालू झाला, विजा कडाडत होत्या, परतीचा नेहमीचा पाऊस. भाच्यानं विचारलं, "मामा, पाणी येईल का?" मी एवढा जाणता, सांगितलं, धरणातून काही सोडलेलं नाही, नदी लांब आहे, झोप निवांत. अकराच्या सुमारास खालून वॉचमनची हाक आली. कात्रजच्या डोंगरावर जे पडलं ते सगळं आंबील ओढ्यातून खाली आलं होतं. मोटारी एकमेकींवर चढलेल्या, सीमाभिंती आडव्या. शहरात आणि आसपास त्या रात्री वीसहून अधिक माणसं गेली. चक्रीवादळ नव्हतं, धरणाचा विसर्ग नव्हता, कुणी भोंगा वाजवला नाही. भाचा अजून मला त्यावरून टोमणे मारतो आणि मी ऐकून घेतो.

ओढा एवढा कसा फुगतो? दहा चौरस किलोमीटरच्या डोंगरउतारावर तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर ते शंभर कोटी लिटर पाणी झालं. निम्मं मुरलं-अडलं असं धरलं तरी उरलेलं त्याच तासात ओढ्यात आलं तर पाच हजार क्युसेकच्या आसपास होतं. लहान धरणाचा विसर्ग झाला हा, आणि तो जाणार आपण बांधलेल्या दोन पाइपांच्या मोरीतून. मोरीत आधीच गादी, थर्माकोल आणि नारळाच्या शहाळ्यांचा ढीग. उतारावर आता सिमेंट, त्यामुळे मुरण्याचं प्रमाण दरसाल कमीच होतंय. त्यात नदी फुगलेली असेल तर ओढ्याचं तोंडच बंद होतं. याला आम्ही फुगवटा म्हणतो: ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलट मागे चढतं, आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून तुमच्या पार्किंगमध्ये वर येतं. लोक गेटवर वाळूची पोती रचून बसतात आणि पाणी मागून संडासाच्या लाइनीतून येतं. चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, बसवून घ्या. प्लंबर "गरज नाही" म्हणेल, तरी बसवा.

ओढ्याच्या बाजूची सीमाभिंत कधी बांधली आणि तिला पाणी जायला भोकं आहेत का, हेही बघा. भोकं नसलेली दगडी भिंत पावसाळ्यात धरणच होते, फक्त धरणासारखी बांधलेली नसते. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात भिंत पडून मजूर कुटुंबांतले पंधरा जण गेले. तुमच्या भिंतीच्या पलीकडे कुणाच्या झोपड्या असतील तर हे काम आधी.

पूररेषेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. लोक ऐकतात, "आत्ता २०२४ ला आला, म्हणजे आता पंचवीस वर्षं निश्चिंत." अजिबात नाही. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार. पूर कॅलेंडर बघत नाही. पुढच्या वर्षीही तेच चार. पंचवीस वर्षं तिथे राहिलात तर एकदा तरी पाणी येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट. लाल रेषेवर तीस वर्षांचं गृहकर्ज काढलं तर शंभरात सव्वीस. आणि या रेषा नदीच्या आहेत, ओढ्याच्या नाहीत. रेषेच्या बाहेर आहोत म्हणून ओढ्याकाठचा माणूस निर्धास्त झाला तर तो चुकीचा नकाशा बघतोय.

तुमच्या इमारतीत मी आलो तर पहिल्यांदा मीटरची खोली बघेन. बहुतेक ठिकाणी ती पार्किंगमध्ये, कंबरेच्या उंचीवर असते. ती वर न्यायला खर्च येतो, महावितरणकडे अर्ज-फेऱ्या होतात, सर्वसाधारण सभेत दोघे-तिघे विरोध करतात. तरी करा. २५ जुलै २०२४ लाच डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पुराच्या पाण्यात बुडण्याआधी करंट मारतो. पाणी पार्किंगमध्ये शिरतंय असं दिसलं की मेन स्विच कोरड्या हातापायांनी बंद करायचा, आणि तो पाण्यात असेल तर हात न लावता महावितरणला कळवायचं. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवा. संपाचं, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं, झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर दोन फुटांचा कठडा उचला, नाहीतर पुराचं पाणी आणि तुमचं प्यायचं पाणी एकच. पाणी शिरलंच तर संप उपसून, घासून, क्लोरिन टाकून मगच वापरा, आणि चिखलात अनवाणी काम केलेल्यांनी लेप्टोबद्दल (घाण पाण्या-चिखलातून होणारा आजार) डॉक्टरांना विचारावं.

गाडी बुडाली तर ती सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा बसत नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घराचा विमा तर आपल्याकडे बँकेनं बळजबरी केल्याशिवाय कुणी काढत नाही. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तीत पूर, वादळ आणि दरड आहे. पहिला मजला म्हणून तुम्ही स्वतः कदाचित कोरडे राहाल, पण पंप, लिफ्ट, पॅनेल यांचा खर्च वर्गणीतून तुमच्याकडेच येणार, म्हणून सोसायटीची पॉलिसी आधी वाचा.

ओढ्यासाठी उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मोरीच्या भिंतीवर खाली पिवळा आणि वर लाल असे दोन पट्टे मारा. सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर विजा दिसल्या की दोघांनी छत्री-बॅटरी घेऊन जायचं आणि पट्टा बघायचा. पिवळा बुडाला की गाड्या बाहेर. लाल बुडाला की तळमजल्यावरच्या वॉचमनचं कुटुंब वर. वॉचमनच्या खोलीचं मुद्दाम म्हणतो, कारण बैठकीत तिचा विषय कधीच निघत नाही.

लेकीलाही दोन गोष्टी कळवा. तिकडच्या नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेत बहुतेक वेळा घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो. वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर धावून उपयोग नाही. आणि घराजवळून जाणारा झरा कितीही छोटा असला तरी नकाशावर त्याचं नाव काय आहे ते शोध म्हणावं. नाव कळलं की तो आधी कधी फुगला होता का, हे तरी विचारता येतं.

तुमच्या सोसायटीचं रंगकाम यंदा दिवाळीआधी निघणार असेल तर एक विनंती. पार्किंगच्या खांबांवर २०२४ ची गढूळ रेघ अजून असेल. रंगाऱ्याचा ब्रश लागण्याआधी टेप घेऊन ती गेटच्या उंबऱ्यापासून किती इंच वर आहे ते मोजा, तारखेसकट मिनिट बुकात लिहा, आणि लेकीचा पुढचा फोन आला की तिला तो आकडा सांगा.